चूक त्याची, मग धावपळ माझी का?

लाल सिग्नलला उभा होतो. मागून आलेल्या गाडीने ठोकलं. खाली उतरलो तर समोरचा माणूस हात जोडूनच उतरत होता. "माझीच चूक, माझं लक्ष नव्हतं." ते ऐकून मी अगदी निर्धास्त झालो. चूक त्याची, त्याने ती कबूलही केली, आता त्याची विमा कंपनी माझी गाडी दुरुस्त करून देईल, मला फक्त किल्ली द्यायची आणि परत घ्यायची. प्रत्यक्षात पुढचे दोन महिने फोन, फॉर्म आणि गॅरेजच्या फेऱ्यांत गेले. त्यातली निम्मी धावपळ माझ्याच अज्ञानाची होती, हे सगळं संपल्यावर कळलं.

घोळ एकाच ठिकाणी होता. 'चूक कुणाची' आणि 'पैसे कुणी द्यायचे' हा मी एकच प्रश्न समजत होतो. हे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळ्या टेबलांवर सुटतात. पहिल्याचं उत्तर पोलिसांचे कागद, साक्षीदार, दोन कंपन्यांमधली बोलणी आणि फारच ताणलं तर कोर्ट यांतून निघतं. त्याला महिने लागू शकतात. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच अंशी आपल्या घरातल्या पॉलिसीत आधीच छापलेलं असतं. ती आपण अपघात होईपर्यंत उघडत नाही, हा भाग वेगळा.

गाडीच्या विम्याचे ढोबळमानाने दोन भाग असतात. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची जबाबदारी कंपनीने घेणं. बहुतेक देशांत हा भाग सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने तो आला, भारतात त्याची मुळं १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आहेत आणि आज तो १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ मध्ये आहे. याला अपवादही आहेत. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात सरसकट सक्ती नाही आणि न्यूझीलंडमध्येही गाडीच्या नुकसानीपुरती नाही. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. हा ऐच्छिक असतो. दोन्ही एकत्र घेतले की त्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात.

आता यातली गोम पाहा. समोरच्याची थर्ड पार्टी पॉलिसी हा त्याच्यात आणि त्याच्या कंपनीत झालेला करार आहे. तुम्ही त्यात कुठेच नाही. म्हणजे तुम्ही त्या कंपनीला फोन करता तेव्हा तुम्ही तिचे ग्राहक नसता. तिच्या ग्राहकाकडे पैसे मागणारे परके असता. पलीकडची बाई कितीही गोड बोलली तरी तिचं काम तिच्या कंपनीचे पैसे वाचवणं हे आहे. यात लबाडी काही नाही, तिला पगारच त्याचा मिळतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा राग येत नाही.

दोन दरवाजे

चूक समोरच्याची असेल आणि तुमच्याकडे कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर पैसे मागायला दोन दरवाजे आहेत.

पहिला, थेट समोरच्याच्या कंपनीकडे. फायदा असा की तुमच्या पॉलिसीला धक्का लागत नाही. डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममधला तुमच्या खिशातून जाणारा ठरावीक वाटा, भरावा लागत नाही. गाडी गॅरेजमध्ये असताना दुसरी भाड्याने घ्यावी लागली तर तो खर्चही बहुतेक ठिकाणी मागता येतो. तोटा असा की सगळं त्यांच्या तंत्राने चालतं. त्यांच्या ग्राहकाने अपघात कळवला पाहिजे, कबूल केला पाहिजे, मग ते चौकशी करणार. हात जोडून उतरलेला माझा तो माणूस घरी गेल्यावर बदलला. "समोरच्याने एकदम ब्रेक मारला" असं त्याने कंपनीला सांगितलं. लाल सिग्नलला उभ्या गाडीने ब्रेक कसा मारायचा हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरा दरवाजा आपल्याच कंपनीचा. इथे तुम्ही ग्राहक आहात, करार आहे, आणि चूक कुणाची हे ठरेपर्यंत थांबायचं कारण नाही. ओन डॅमेज चूक पाहून दिलं जात नाही. सर्व्हेयर, म्हणजे नुकसान पाहून खर्च ठरवणारा माणूस, येतो, अंदाज मंजूर होतो, गाडी दुरुस्त होते. मात्र डिडक्टिबल जातं, जुन्या पार्टचं डेप्रिसिएशन, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत, कापणारी पॉलिसी असेल तर तेही जातं, आणि नो क्लेम बोनसला धोका असतो. भारतात हा बोनस पहिल्या क्लेमविना वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत चढतो. ओन डॅमेज क्लेम घेतला की तो शून्यावर येतो, मग चूक कुणाचीही असो. बोनस शाबूत ठेवणारं वेगळं कव्हर घेतलं असेल तरच तो वाचतो. त्या बोनसच्या नावात 'नो क्लेम' आहे, 'नो फॉल्ट' नाही. लोक वर्षानुवर्षं हे चुकीचं वाचतात.

मग तुमच्या कंपनीने भरलेले पैसे बुडाले का? नाही. ती आता तुमच्या जागी उभी राहून समोरच्याच्या कंपनीकडून वसूल करते. याला सब्रोगेशन म्हणतात. शब्द अवघड आहे, कल्पना सोपी. तुम्हाला मिळायचे पैसे तिने आगाऊ दिले, म्हणून वसुलीचा तुमचा हक्क तिच्याकडे गेला. यामागचा न्याय इंग्लंडमधल्या १८८३ च्या एका खटल्यात छान दिसतो. एका माणसाने घर विकायचा करार केला होता. व्यवहार पुरा होण्याआधी घराला आग लागली. विमा कंपनीने त्याला नुकसानभरपाई दिली. पुढे खरेदीदारानेही ठरलेली पूर्ण किंमत दिली. म्हणजे आग लागून हा गृहस्थ फायद्यात! कोर्टाने सांगितलं, विमा नुकसान भरून देण्यासाठी आहे, एकाच नुकसानीचे दोनदा पैसे मिळणार नाहीत. कंपनीची रक्कम परत करावी लागली. गाडीच्या विम्यातही हेच तत्त्व आहे. दोन्ही कंपन्यांकडून एकाच बंपरचे पैसे घेता येत नाहीत.

सब्रोगेशनमुळे एक गोष्ट जपावी लागते, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. समोरचा माणूस भला वाटतो, थोडे पैसे हातावर ठेवतो आणि म्हणतो, "एवढं लिहून द्या, की आता काही तक्रार नाही." तुम्ही भिडेखातर लिहून देता. त्या चार ओळींनी वसुलीचा हक्क संपतो, आणि जो हक्क तुमच्याकडेच उरला नाही तो तुमच्या कंपनीला कसा मिळणार? मग कंपनी तुमचा क्लेम अडवू शकते किंवा दिलेले पैसे परत मागू शकते. कंपनीला विचारल्याशिवाय असला कुठलाही कागद लिहून देऊ नका.

कुठला दरवाजा धरायचा? माझं मत सांगतो. गाडी चालण्याजोगी आहे, कुणाला लागलेलं नाही आणि समोरच्या कंपनीने आठवड्याभरात जबाबदारी लेखी मान्य केली, तर पहिला. टाळाटाळ दिसली की सरळ दुसरा, वसुली कंपन्यांनी आपसात करावी. किरकोळ पोच असेल तर आधी हिशोब मांडा. डिडक्टिबल आणि जाणारा बोनस मिळून दुरुस्तीपेक्षा जास्त होत असेल तर स्वतःचा क्लेम हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आणि दरवाजा कुठलाही असो, अपघाताची खबर आपल्या कंपनीला लगेच द्यायची. खबर देणं आणि क्लेम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक पॉलिसींत खबर देणं ही अट असते.

प्रत्येक देशाने या दोन दरवाजांची मांडणी आपापल्या परीने केली आहे. इटलीत २००७ पासून दोन गाड्यांची टक्कर असेल आणि इजा किरकोळ असेल तर पैसे तुम्ही आपल्याच कंपनीकडून घ्यायचे, पुढचा हिशोब कंपन्या करतात. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून शारीरिक इजेसाठी चूक कुणाची हे पाहतच नाहीत, उपचारांचा भार एक सरकारी योजना घेते. गाडीचं नुकसान मात्र त्यात येत नाही. भारतात थर्ड पार्टीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो, तेवढा व्याप नको म्हणून इजा नसलेल्या ठोकाठोकीत लोक निमूटपणे ओन डॅमेज घेतात. सगळ्यात गमतीशीर प्रकार जपानचा. तिथे अपघातात तुमची चूक शून्य टक्के असेल तर तुमची कंपनी तुमच्या वतीने बोलणीच करू शकत नाही. कारण तिला कुणालाच काही द्यायचं नसतं, आणि वकील नसताना दुसऱ्याच्या भांडणात पडायला कायद्याने मनाई आहे. म्हणजे पूर्ण निर्दोष असाल तर एकटेच लढा! म्हणून तिथे वकिलाचा खर्च देणारं जादा कव्हर घेतात.

चूक टक्क्यांत मोजतात

रस्त्यावर चूक एकतर त्याची असते किंवा माझी. विम्याच्या टेबलावर ती ८०-२० असते, ७०-३० असते. पूर्वी तसं नव्हतं. १८०९ साली इंग्लंडमध्ये एका माणसाने घराच्या डागडुजीसाठी रस्त्यात आडवा वासा टाकला होता. दुसरा माणूस संध्याकाळच्या उजेडात घोडा भरधाव फेकत आला, वाशावर आदळला आणि जबर जखमी झाला. कोर्ट म्हणालं, सावकाश आला असतास तर वासा दिसला असता, तेव्हा तुला काहीच मिळणार नाही. थोडी जरी स्वतःची चूक असली तरी भरपाई शून्य, हा नियम पुढे शतकभराहून जास्त टिकला. ब्रिटनने तो १९४५ च्या कायद्याने बदलून प्रमाणात कपात आणली. अमेरिकेत अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया अशा थोड्या ठिकाणी तो जुना नियम अजून चालतो.

ही टक्केवारी चूक समोरच्याची असतानाही लागू होते. १९७० च्या दशकात इंग्लंडच्या कोर्टाने सीटबेल्टबाबत एक प्रमाण घालून दिलं. पट्टा लावला असता तर इजा झालीच नसती, अशा वेळी भरपाईतून २५ टक्के कापायचे. इजा कमी झाली असती, तर १५ टक्के. अपघात शंभर टक्के दुसऱ्याने केला तरी जखम वाढवायला तुमचा हातभार होता, हा त्यामागचा विचार.

म्हणून समोरच्याची कंपनी फोन करते तेव्हा ती तुमच्या वाट्याचे टक्के शोधत असते. "तुम्ही त्या वेळी किती वेगात होतात?" "आधी किती अंतरावर दिसली गाडी?" "आता तब्येत कशी आहे?" यावर आपण सवयीने "ठीक आहे" म्हणतो आणि ते 'ठीक आहे' फाइलमध्ये जातं. कॉल बहुधा रेकॉर्ड होतो. तारीख, वेळ, जागा, कुठली गाडी कुठे होती, एवढं सांगा. अंदाज विचारले तर "नक्की सांगता येणार नाही" हे पूर्ण उत्तर आहे. "लेखी विचारा, लेखी उत्तर देतो" असं म्हटलेलं त्याहून बरं.

पहिल्या अर्ध्या तासातलं काम

टक्क्यांची ही सगळी बोलणी घटनास्थळी गोळा केलेल्या पुराव्यावर चालतात. लोक फोटो काढतात ते पोच पडलेल्या बंपरचे, अगदी जवळून. ते पुढेही काढता येतात, पोच कुठे जात नाही. आधी गाड्या हलण्यापूर्वीचे लांबून फोटो काढा, चारी कोपऱ्यांवरून, रस्त्यावरचे पट्टे आणि सिग्नल दिसतील असे. अर्थात रहदारीत जीव धोक्यात घालून नाही. पुढच्या चाकांचा कोन टिपा, कोण वळत होतं हे त्यावरून कळतं. रस्त्यावर पडलेले काचेचे आणि प्लॅस्टिकचे तुकडे टिपा, कारण टक्कर नेमकी कुठे झाली याची खूण त्यांच्यात असते आणि पाच मिनिटांत ते चाकांखाली चिरडले जातात. समोरच्याची नंबरप्लेट, लायसन्स आणि पॉलिसी यांचे फोटो घ्या. साक्षीदाराचा नंबर लिहून घेऊन भागत नाही, तिथेच मिस्ड कॉल देऊन पाहा.

युरोपात बऱ्याच गाड्यांत दोन प्रतींचा एक छापील फॉर्म असतो. दोन्ही चालकांनी तो एकत्र भरायचा, चौकोनांत खुणा करायच्या, खाली गाड्यांचं रेखाचित्र काढायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. गंमत म्हणजे त्यात चूक कुणाची हे विचारलेलंच नाही. 'थांबलो होतो', 'उजवीकडे वळत होतो', 'मागे घेत होतो', एवढंच. भांडायला जागाच ठेवलेली नाही. असा फॉर्म जवळ नसला तरी साध्या कागदावर एवढं लिहून दोन सह्या घेता येतात. मी घेतल्या असत्या तर ते 'एकदम ब्रेक मारला' प्रकरण उभंच राहिलं नसतं.

माझ्याकडे डॅशकॅम होता. त्यात पुढचाच कॅमेरा होता, पण माझी गाडी उभी होती आणि सिग्नल लाल होता एवढं तरी त्यात नक्की आलं असणार. मी चार दिवस तीच गाडी चालवत राहिलो. डॅशकॅमचं कार्ड भरलं की तो जुन्यावर नवं लिहीत जातो. पाचव्या दिवशी कार्ड काढलं तेव्हा त्यात माझे ऑफिसला जाण्यायेण्याचे प्रवास होते, अपघात नव्हता. कार्ड त्याच दिवशी काढून ठेवायचं. आसपासच्या दुकानांच्या, इमारतींच्या सीसीटीव्हीचंही तसंच आहे, दोन आठवड्यांनी मागायला गेलात तर ते पुसलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

आणि "आपसात मिटवू" याबद्दल. माझ्या मागच्या बंपरवर दोन ओरखडे होते, बस्स. गॅरेजमध्ये बंपर उतरवला तर आतली लोखंडी पट्टी आत गेली होती आणि डिकीच्या तळाच्या पत्र्याला सुरकुती पडली होती. बंपरचं प्लॅस्टिक दबून पुन्हा जागेवर येतं आणि मार आतल्या पत्र्याला बसलेला असतो. आता बंपरमागे सेन्सर असतात, काचेवर कॅमेरा असतो. ते हलले तर कॅलिब्रेशन, म्हणजे पुन्हा अचूक जुळवणी, करावी लागते आणि त्याचं बिल रंगापेक्षा मोठं निघू शकतं. तेव्हा रस्त्यावर पाहून ठरवलेली रक्कम हा केवळ अंदाजपंचे प्रकार असतो. सर्व्हेयरने पाहिल्याशिवाय गॅरेजला हात लावू देऊ नका, आणि उघडल्यावर आतलं नुकसान निघालं तर काम थांबवून त्याला पुन्हा बोलवा. हा दुसरा सर्व्हे मागणं अगदी नेहमीचं आहे.

हीच गोष्ट शरीराची. मागून धक्का बसला की मान झटका खाते आणि दुखणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं तर अपघाताशी जोडणारा कागद तयार होतो. तीन आठवड्यांनी दाखवलं तर "हे कशावरून अपघातामुळे?" हा प्रश्न येतो. उपचार पुरे होण्याआधी 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या कागदावर सही करू नका. लवकर आलेला चेक बहुधा छोटा असतो.

मुलांची कार सीट अनेकांच्या लक्षातच येत नाही. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था सांगते की मध्यम किंवा मोठ्या अपघातानंतर सीट बदला. गाडी स्वतः चालवत नेता आली, सीटजवळचं दार शाबूत आहे, कुणाला लागलं नाही, एअरबॅग उघडल्या नाहीत आणि सीटला दिसण्याजोगं काही झालं नाही, या पाचही गोष्टी खऱ्या असतील तरच जुनी ठेवायला हरकत नाही. बदललीत तर तिचं बिल क्लेमला जोडा.

गाडीच गेली तर

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या फार जवळ गेला की कंपनी टोटल लॉस ठरवते. भारतात ओन डॅमेजमध्ये ही रेषा पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर आहे. समोरच्याच्या कंपनीकडून मिळते ती साधारणपणे अपघाताच्या आदल्या क्षणी बाजारात गाडीला आली असती ती किंमत. नवीन गाडीची किंमत मिळत नाही आणि कर्ज किती बाकी आहे याच्याशीही संबंध नसतो. पहिला आकडा शेवटचा मानू नका. तेच मॉडेल, तेच वर्ष, तेवढंच चाललेल्या गाड्यांच्या जाहिराती, सर्व्हिसची बिलं, नुकत्याच घातलेल्या टायरची पावती, हे सगळं पाठवा आणि त्यांनी कुठल्या गाड्यांशी तुलना केली ते मागा.

दुरुस्त झालेल्या गाडीचीही किंमत उतरते, कारण 'ॲक्सिडेंटची गाडी' हा शिक्का राहतो. जर्मनीत ही घट समोरच्याच्या कंपनीकडून वेगळी मागता येते, आणि नुकसान अगदी किरकोळ नसेल तर तज्ज्ञही तुम्ही स्वतः निवडायचा, फी त्यांनी द्यायची. सगळीकडे असं नाही, पण मागून पाहायला काही जात नाही.

समोरचा पळून गेला किंवा त्याचा विमाच नसला तर गाडीसाठी आपलं ओन डॅमेज हाच आधार. इजेसाठी अनेक देशांत वेगळी सोय असते. ब्रिटनमध्ये १९४६ पासून विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली संस्था आहे. भारतात पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातात मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये ठरले आहेत, १ एप्रिल २०२२ पासून.

माझं काय झालं ते सांगतो. शेवटी मी आपल्याच कंपनीकडून गाडी दुरुस्त करून घेतली, डिडक्टिबल भरलं आणि विसरून गेलो. नूतनीकरणाची नोटीस आली तेव्हा बोनस गेलेला होता आणि माझ्या नावावर 'फॉल्ट क्लेम' लिहिलेला होता. मी चिडून फोन केला, की चूक माझी नव्हती! तेव्हा कळलं की विम्याच्या भाषेत 'फॉल्ट' म्हणजे गुन्हा कुणाचा हे नसतं. माझ्या पॉलिसीत नियम वर सांगितलेल्या भारतातल्या नियमासारखा सरसकट नव्हता; कंपनीचे पैसे पूर्ण वसूल झालेले नसतील तोवर तो क्लेम फॉल्ट. उभ्या गाडीला रात्री कुणी ठोकून पळालं तरी तो फॉल्टच, कारण वसूल करायचं कुणाकडून?

"पण समोरच्या कंपनीने तर मागच्या महिन्यात पैसे दिलेत," मी म्हणालो. पलीकडे थोडा वेळ की-बोर्ड वाजला. हो, वसुली पूर्ण झाली होती, माझं डिडक्टिबलही त्यात आलं होतं. रेकॉर्ड मात्र कुणी बदललं नव्हतं. "त्यासाठी तुम्ही अर्ज करायचा असतो, सर." केला. अकरा दिवसांनी डिडक्टिबल खात्यात आलं आणि बोनस परत लागला.